पांढऱ्या लादीवरचा तांबडा डाग

लघवीची मला किळस येत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे त्यात किळस कशाची ते नीट कळेल. बी.एस्सी. झाल्यावर मी लॅबचा कोर्स केला आणि तेव्हापासून रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. रोज सकाळी झाकणाच्या डब्या माझ्यासमोर येऊन बसतात. पिवळ्या, गढूळ, कोऱ्या चहासारख्या. गावातल्या मोठमोठ्या लोकांची लघवी मी पाहिली आहे. त्यांनी मंचावरून काहीही बोलावं, डबीचा वास सगळ्यांचा सारखाच. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, त्यामुळे ‘एवढं शिकून मूत तपासते’ असं ऐकवायला नातेवाईक टपलेले असतात. ऐकवू देत. मी त्यांचंही तपासलंय.

आमचं घर शहरापासून थोडं आत, बौद्धवाडीच्या टोकाला. समोर रस्ता, पलीकडे जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आणि त्यामागे हापूसची बाग. बाबांनी मुंबईत गोदीत आयुष्य काढलं. निवृत्त होऊन गावी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर पडवीला पांढरी लादी बसवली. पांढरी शुभ्र. मिस्त्रीसुद्धा म्हणाला, "काका, आपल्या तांबड्या मातीत पांढरी कोण घालतं? रोज पुसत बसाल." बाबा म्हणाले, "बसेन." का, ते त्यांनी त्याला सांगितलं नाही. मला माहीत होतं. लहानपणी ज्या पडव्यांच्या खाली अंगणात उभं राहून त्यांनी हाका मारल्या होत्या, त्यांतली एकही इतकी पांढरी नव्हती.

त्या लादीमुळेच दुखणं सापडलं. एका सकाळी आई पोतेरं घेऊन पडवी पुसायला गेली आणि तिथूनच ओरडली, "कुत्रीनं बघ गो काय करून ठेवलंय." पायरीजवळ चार-पाच थेंब होते, तांबडे, कडेला पिवळट. मी बोट टेकवून बघितलं. रक्ताची लघवी. मग मी अंगणात उतरून तिच्या नेहमीच्या जागा बघितल्या. काही दिसलं नाही. दिसणार कसं? आमचं अंगण तांबडं, गडगा तांबडा, वाट तांबडी. कुत्रीचं रक्त किती महिने या मातीत मुरत होतं कोण जाणे. लादी नसती तर आम्हाला ते शेवटपर्यंत दिसलं नसतं.

कुत्री मुळात आमची नव्हती. समोरची बाग एक जण मोसमापुरती ठेक्यानं घेतो. वानरं हाकायला तो कुठून तरी कुत्रं आणतो, झाडाखाली बांधतो आणि शेवटच्या पेट्या भरून झाल्या की बाग सोडताना कुत्रंही सोडून जातो. ही चालच आहे. सगळे ठेकेदार तेच करतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ही भुरी, एका कानाची कड फाटलेली, वयानं उतरलेली कुत्री तशीच मागे राहिली. पावसात गडग्याला अंग घासून बसलेली असायची. आईनं एकदा पेजेतला उरलेला भात टाकला. दुसऱ्या दिवशी ती रस्ता ओलांडून अलीकडे आली आणि राहिली.

बाबांना कुत्री आवडत नाहीत. लोकांना केसांचा, लाळेचा त्रास असतो, तसं त्यांचं नाही. ते लहान असताना गावच्या तळीवर कुत्री उतरून पाणी प्यायची आणि आमची माणसं वर उभी राहून कुणी ओतून देईल याची वाट बघायची. "माझी आई कळशी घेऊन उन्हात उभी," ते सांगायचे, "आणि खोताचा कुत्रा चारी पाय पाण्यात घालून बसलेला. तो आम्हाला बघून भुंकायचा." पाळलेलं कुत्रं दिसलं की बाबांना ती तळी दिसते. त्यामुळे आई भात घालायची तो अंगणात, लांब, एका वाकड्या जर्मनच्या टोपात. बाबा तिच्याकडे बघत नसत आणि ती बाबांकडे बघत नसे. असं चाललं होतं.

रक्त दिसल्यावर वाडीतले सगळे डॉक्टर झाले. निदान एकच: उन्हाळी. लघवीला जळजळ झाली, थेंब थेंब व्हायला लागली की कोकणात माणसाला, गुराला, सगळ्यांना उन्हाळीच लागते. आईनं धने-जिऱ्याचं पाणी केलं. कुत्री हुंगायची आणि तोंड फिरवायची. मग आईनं त्यात सुक्या जवळ्याचं पाणी मिसळलं. ते मिश्रण कसं दिसत होतं आणि त्याला काय वास येत होता ते मी लिहीत नाही. कुत्रीनं ते प्यायलं आणि ओकली. शेजारचे एक काका म्हणाले, "पोटावर सळईचा डाग दे. आमच्या बैलाला दिला होता." मी विचारलं, "बैल बरा झाला?" म्हणाले, "नाय, पण डाग चांगला बसला होता." हसायला येतं, पण हा माणूस खरोखर सळई तापवायला तयार होता. आणखी एकानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, की बागेच्या फवारणीचं औषध थोडं मटणात घालून देऊ, सुटेल बिचारी. त्याच्या तोंडात मावा होता. ‘बिचारी’ म्हणताना त्यानं समोरच्या गडग्यावर पिंक टाकली.

याच लोकांची मला सगळ्यात जास्त शिसारी आली. संध्याकाळी विहाराकडे जाताना नाकाला रुमाल लावायचे. "वास येतो हो तुमच्या इथे." वास येत होता, खोटं नाही. बसायची जागा सारखी बदलायची ती, बसायची, कुंथायची, दोन थेंब पडायचे, उठायची, परत बसायची. पण रुमालवाल्यांपैकी निम्मे पुरुष बस थांब्यामागच्या भिंतीवर रोज उभे असतात. ‘येथे लघवी करू नये’ असं लिहिलेल्या अक्षरांवर. तिथून जाताना मी श्वास रोखते, आणि हे मला वासाचं सांगणार.

शहरात जनावरांची एक डॉक्टर आहे, तिच्याकडे ओळखीच्या रिक्षातून मी कुत्रीला घेऊन गेले. डॉक्टर माझ्याच वयाची. तिनं सांगितलं, "कुत्र्यांच्यात अशी लक्षणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचीच असतात. आधी त्याचं औषध देऊ. पण नीट ऐका, बरी होऊन परत तसंच झालं तर औषध परत नका आणू. तिला आणा. पोटाची सोनोग्राफी करायची."

औषधानं ती बरी झाली. रक्त थांबलं, कुंथणं थांबलं. आई म्हणाली, "बघ, धन्याच्या पाण्यानं गुण आला." बाबांनी लादी फिनेलनं दोनदा पुसली. थोड्या दिवसांनी थेंब परत आले, या वेळी त्यात गुठळी होती.

मला वाट बघवेना. म्हणून मी एक पळी घेतली, जुनी, आमटीची, आणि पहाटेपासून कुत्रीच्या मागे अंगणभर फिरले. ती बसली की पळी सरकवायची. पळी दिसली की ती उठायची. आई दारात उभी राहून हसत होती. "बी.एस्सी. झालीस ती याच्यासाठी?" शेवटी पळीत थोडं आलं. ते डबीत घालून, बर्फावर ठेवून मी लॅबला गेले आणि सगळ्या पेशंटचं काम उरकल्यावर ते मशीनमध्ये फिरवून तळाचा गाळ काचेवर घेतला.

सूक्ष्मदर्शकात रोज बघून बघून डोळ्याला एक सवय लागते. रक्ताच्या पेशी होत्याच. पण त्यांच्यामध्ये मोठ्या पेशींचे पुंजके होते. एकमेकींना चिकटलेल्या, वेड्यावाकड्या, एकीचा आकार दुसरीला नाही, आणि आतलं केंद्र फुगून सगळी जागा खाऊन बसलेलं. निदान करणं हे माझं काम नाही, मी तंत्रज्ञ आहे. पण चांगलं काय दिसतं हे मला माहीत आहे, आणि हे चांगलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे सर आले. लॅब त्यांची, सही त्यांची. माझ्या खांद्यावरून म्हणाले, "काय एवढं बघतेस?" मी बाजूला झाले. त्यांनी डोळा लावला, काच इकडेतिकडे सरकवली आणि परत मागे आणली.

"कुणाचं आहे हे?"

"ओळखीचं आहे सर."

"वय?"

"म्हातारी आहे."

"बाई का. विडी-तंबाखू? मशेरी?"

"नाही."

"कुठे कामाला होती? रंगाच्या, रसायनाच्या कारखान्यात वगैरे?"

"आंब्याच्या बागेत. राखणीला."

"हं." ते अजून बघतच होते. आवाज मऊ झाला होता त्यांचा, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा. "त्यांना सांग, वेळ घालवू नका. मूत्राशय दुर्बिणीतून तपासून घ्या. मी ओळखीच्या सर्जनला फोन करतो. घरचं कोण आहे का त्यांना?"

"आहोत ना आम्ही. सर, ती कुत्री आहे."

त्यांनी डोळा वर केला. आधी माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हातात मोजे होते. ते त्यांनी काढले, बेसिनपाशी गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. परत लावला, परत धुतले.

"अक्कल आहे का तुला? माणसांचे रिपोर्ट निघतात इथे. स्पिरिटनं पुसून घे सगळं. ते फिरवायचं मशीनसुद्धा. किळस कशी वाटत नाही तुला?"

मी पुसून घेतलं. ते मी एरवीही पुसतेच. काचेवरच्या पेशी एक मिनिटापूर्वी होत्या तशाच होत्या, त्यांच्यात काहीही बदल झाला नव्हता. बदल झाला तो सरांच्या चेहऱ्यात. तो चेहरा मला ओळखीचा आहे. कॉलेजात एका मैत्रिणीच्या घरी जेवताना तिच्या आजीनं माझं आडनाव विचारलं होतं, तेव्हा पहिल्यांदा बघितला होता.

सोनोग्राफीला कुत्रीचं पोट भादरलं. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. मूत्राशय म्हणजे काळी पिशवी, आणि तिच्या तोंडाशी, जिथे दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या येऊन मिळतात तिथेच, फुलकोबीच्या तुऱ्यासारखं काहीतरी वाढलेलं.

"कापून काढता येणार नाही?" मी विचारलं.

"टोकाला असतं तर बघितलं असतं. इथे सगळ्या नळ्या आहेत. ते काढायचं म्हणजे लघवीची वाटच काढायची."

"सुईनं तुकडा घेऊन तपासायचा?"

"पोटातून सुई घालायची नाही. सुईच्या वाटेनं त्या पेशी बाहेर सांडतात आणि पोटात रुजतात. खालून नळी घालून पेशी खरवडून घेते, मुंबईला पाठवते." मग तिनं मला विचारलं, "फवारणीच्या बागेत असायची म्हणालात?"

"झाडाखालीच बांधलेली. वरून फवारा पडायचा, ती अंग चाटायची."

"तणनाशकं, कीटकनाशकं यांच्यामुळे हा कॅन्सर होत असावा असा संशय घेतात. हिला त्यामुळेच झाला असं मात्र मी म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही."

रिपोर्ट आला तो तिला वाटत होतं तोच. मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर. मुंबईला नेऊन दर काही आठवड्यांनी इंजेक्शनं देता येतील, पण त्यानंही पूर्ण बरी होणार नाही, हे तिनं स्वच्छ सांगितलं. एवढ्या लांब, तोंड बांधून, पुन्हापुन्हा तिला न्यायचं माझ्या मनाला पटलं नाही. दुसरा उपाय गोळीचा. माणसांच्या सांधेदुखीवर देतात तीच. ती या कॅन्सरची वाढ काही काळ रोखून धरते आणि दुखणंही कमी करते.

"मात्रा मी बांधून देईन तेवढीच," डॉक्टर म्हणाली. "पोटात अन्न असल्याशिवाय द्यायची नाही. शी काळी झाली, ओकली, खाणं सोडलं, की गोळी बंद आणि मला फोन. मूत्रपिंडं बघायला मधूनमधून रक्त तपासू. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी मनानं द्यायची नाही, कुत्री त्यानं मरतात. आणि लघवी पूर्ण अडकली तर त्या दिवशीच आणायची, दुसऱ्या दिवसावर ढकलायची नाही."

मी घरी येऊन सगळं सांगितलं. बाबा पडवीत खुर्चीवर गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी गोळ्यांची पट्टी हातात घेतली, लांब धरून नाव वाचलं आणि आत जाऊन स्वतःच्या औषधांचा डबा घेऊन आले. तेच नाव.

"माझं गुडघ्याचं औषध तू कुत्र्याला देणार?"

"तुमच्यातलं नाही. तिचं वेगळं आणलंय."

"पण तेच ना?"

"तेच."

त्यांनी डबा बंद केला. पुढचे काही दिवस त्यांनी गुडघ्याची गोळी घेतली नाही. लंगडत चालायचे, पायरी उतरताना भिंत धरायचे, पण घेतली नाही. आई म्हणाली, "कुत्र्यावर राग काढताय की गुडघ्यावर?"

त्याच आठवड्यात मी कामावरून परत आले तर अंगणात टोप पालथा. कुत्री नाही. आई चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून.

"कुठे गेली?"

"बाबांनी पाठवून दिली."

"कुठे?"

"मिरकरवाड्याला. तुझ्या चुलतभावाचा बर्फाचा टेम्पो जात होता. तिथे खायला मिळेल म्हणाले. मासळी असते."

ही पण आमच्याकडची चालच. नको झालेलं कुत्रं पोत्यात घालायचं आणि बंदरावर सोडून यायचं. मासळी असते तिथे, मरत नाही, असं म्हणत हात झटकायचे. मारल्याचं पाप नाही आणि पाळल्याचा ताप नाही. किती सोयीचं. आणि गोळी सकाळची राहिली होती, संध्याकाळची कोण देणार होतं तिथे?

मी तशीच परत फिरले. मिरकरवाड्याला पोचले तेव्हा ट्रॉलर लागलेले होते आणि लिलाव जोरात होता. बंदर मला नवं नाही, मासळी आम्ही तिथूनच घेतो. पण त्या दिवशी मी मासळीकडे बघत नव्हते, खाली बघत होते. बर्फाचं वितळलेलं पाणी, त्यात खवलं, रक्त, डिझेलची साय, कुजक्या कोळंबीची डोकी, प्लास्टिक. टोपल्यांच्या मागे कुत्री. एक, दुसरं, मग सगळीकडेच. खरजेनं कातडी सोललेली, एकाच्या पाठीवर उकळतं काहीतरी पडलेलं. ही सगळी ‘खायला मिळेल’ म्हणून आणून सोडलेली. एक कुत्रं माशाचं आतडं खाऊन तिथेच ओकत होतं आणि दुसरं ते ओकलेलं खात होतं. मी, जी डब्यांसमोर बसून डबा खाते, ती भिंतीला टेकून उभी राहिले.

एका कोळणीनं मला हटकलं. सुरमया मांडून बसली होती. "काय शोधतंस गो?"

"कुत्री. भुरी. एक कान फाटका."

"पोट भादरलेली? ती काय, बर्फाच्या खोलीमागं. सकाळपासून बसतेय नि उठतेय. मुतायला होत नाय तिला." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तूच टाकलंस काय?"

"नाही. न्यायला आलेय."

"न्यायला पयल्यांदाच कोण आलंय. टाकायला सगळे येतात. इंग्लिशमध्ये बोलणारे पण येतात. आमी काय कुत्र्यांचा बाजार मांडलाय हितं?"

कुत्री बर्फाच्या खोलीमागे, गटारात मागचे पाय घालून बसली होती. मला बघून शेपटी हलवायला उठली आणि उठता उठता परत बसली, कुंथायला. दोन थेंब. भादरलेल्या पोटावर काळा चिखल आणि माशांची खवलं चिकटली होती. मी तिला ओढणीत गुंडाळून उचललं. पहिल्या दोन रिक्षावाल्यांनी वास घेऊनच गाडी पुढे काढली. तिसरा म्हणाला, "मागं बसा, पण काय पडलं तर धुवून द्यायचं." मी म्हटलं, "देईन."

घरी आले तेव्हा बाबा पडवीत होते. मी कुत्रीला घेऊन पायरी चढले आणि लादीवर उभी राहिले. ओढणीतून पाणी गळत होतं.

"लादीवर नको," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही तिला कुठे टाकलंत ते मी बघून आलेय."

"मला शिकवू नकोस. ज्यांनी आपल्याला पाण्याला हात लावू दिला नाही ती माणसं कुत्री मांडीवर घेऊन बसायची. तुला शिकवली ती त्यांच्यासारखं व्हायला? आता तूही कुत्रं घेऊन डॉक्टरकडे फिरतेस. रिक्षातून."

मी तोंडात आलं ते बोलले. "त्यांनी कुत्र्याला पाणी पिऊ दिलं यात त्यांचा गुन्हा नव्हता, बाबा. आपल्याला दिलं नाही, तो गुन्हा होता. आणि हिला खोतानं पाळली नव्हती. हिला झाडाला बांधून वरून विष मारत होते."

बाबांनी बागेकडे तोंड फिरवलं. आई मधे पडली. "भांडा नंतर. आधी दोघी आंघोळ करा, घरात मासळीबाजार शिरलाय."

त्यानंतर तह झाला तो असा. कुत्री पायरीवर, गोणपाटावर. लादीवर नाही. बाबा तिला हाकलणार नाहीत आणि हातही लावणार नाहीत. त्यांनी गुडघ्याची गोळी परत सुरू केली. आई गमतीनं दोघांना जेवल्यावर एकदम हाक मारायची, "चला, गोळीवाले." बाबांना ते आवडायचं नाही, पण यायचे.

गोळीनं गुण दिला. रक्त गेलं. एक दिवस अंगणात ती बसली आणि सरळ धार लागली, तर आईनं मला आतून बोलावून दाखवलं, एखाद्याचा निकाल लागावा तसं. मी तिची शी रोज काडीनं उलटून बघायची, काळी आहे का ते. वाडीतल्या बायका बघायच्या आणि शहारायच्या. शहारू देत. मोहर, कैऱ्या, पेट्या सगळं होऊन गेलं, पाऊस आला. पायरीवर गोणपाट भिजायला लागलं तेव्हा ते कुणीतरी पडवीच्या आत, लादीच्या कडेला ओढून ठेवलं. मी नाही, आईही नाही म्हणाली. मी जास्त विचारलं नाही.

पाऊस सरता सरता तिची लघवी अडकली. सकाळपासून बसत होती, एक थेंबही नाही. पोट दगडासारखं. डॉक्टरनं बघितलं, नळी घालायचा प्रयत्न केला, नळी जाईना. म्हणाली, "गाठ भरलीय. आता तिला आपण ठेवतोय ते आपल्यासाठी." मी हो म्हटलं. डोकं मी धरलं होतं. इंजेक्शन गेल्यावर तिच्या मागच्या पायांमधून टेबलावर लघवी झाली, भरपूर, एकदाची. डॉक्टरनं कापूस घेऊन ती शांतपणे पुसली. त्या सगळ्या वर्षात किळस न येता ते पुसणारं मला तेवढं एकच माणूस भेटलं.

ज्या चुलतभावानं तिला बंदरावर सोडलं होतं त्यालाच मी टेम्पो घेऊन बोलावलं. गडग्याच्या अलीकडे खड्डा त्यानंच काढला. जांभ्यात पहार लागत नव्हती, तासभर घाम गाळत होता. मी त्याला पाणी दिलं, पण ‘राहू दे’ म्हटलं नाही. संध्याकाळी शेजारचे काका येऊन गेले. "डाग दिला असता तर वाचली असती." मी दार लावून घेतलं. अंगणातला वाकडा टोप दिसला नाही. आईनं टाकला असेल, असं मी धरून चालले.

थंडीत समोरचा ठेकेदार आला. पंप आला, नळ्या आल्या आणि एक कुत्रा आला. काळा, अजून पोरगेला, झाडाला बांधलेला. पहिल्या फवारणीला मी घरीच होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसं झाडावर धुकं मारत होती आणि कुत्रा खाली बसून पुढचे पाय चाटत होता. मी रस्ता ओलांडून गेले.

"त्याला आधी सोडा, मग मारा काय मारायचं ते."

फवारणाऱ्यानं फडकं खाली केलं. "ताई, कुत्राच तो."

"मग तुम्ही फडकं का बांधलंय?"

तो हसला आणि ठेकेदाराकडे बघितलं. ठेकेदार फोनवर होता. त्यानं हातानंच मला ‘न्या, न्या’ असं केलं, माशी हाकलावी तसं. मी दोरी सोडली आणि कुत्र्याला घेऊन अलीकडे आले. तो पायरी चढून थेट लादीवर गेला. औषधाचे पांढरट थेंब अंगावर होते, ते लादीवर दिसत नव्हते. पायाचे तांबडे ठसे मात्र दारापर्यंत उमटले.

बाबा खुर्चीत होते. ठसे त्यांनी बघितले.

"लादीवर नको," ते म्हणाले. मग म्हणाले, "आधी धू त्याला. चाटायच्या आत. साबण लाव."

"आणि पाणी कशात देऊ?"

"मोरीत टोप आहे. घासून ठेवलाय."

मी मोरीत गेले. वाकडा टोप राखेनं घासून, पालथा घातलेला होता. बाहेर फवारणी पुन्हा सुरू झाली आणि वारा आमच्या दिशेचा होता. तो उग्र, गोडसर वास पडवीत भरला. आईनं पदर नाकाला लावला, बाबांनी पंचा. कुत्र्याकडे लावायला काही नव्हतं. मी त्याच्या अंगावर तांब्यानं पाणी ओतत राहिले.